रक्ताची पत्रिका

शहापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या वर्षी तेवीस घरं होती. लहान मुलं धरून माणसं एकशे चार. त्यांत चोवीस ते पस्तीस वयाचे अविवाहित पुरुष सहा. सहापैकी दोघांचं ठरलेलं होतं. एक माझा सख्खा मावसभाऊ. एकाला नर्सच हवी होती, कारण नर्सला कुठेही नोकरी लागते. एकाच्या आईने मी एम.एस्सी. झाल्याचं ऐकून परस्पर निरोप पाठवला, "आमचा पोट्टा बारावी, घरात मास्तरीण कायले?" उरला गुलाब. तो दर रविवारी पहिल्या रांगेत बसून पेंगायचा आणि लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "प्रभूनं अजून काही सांगितलं नाही."

म्हणजे शून्य.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन लाखनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होते. नमुना लहान असेल तर तो वाढवावा, हे मला कळत होतं. पण लग्न विश्वासातच, म्हणजे ख्रिस्ती माणसाशीच व्हावं, हा मंडळीचा नियम होता आणि तो मलाही मान्य होता. हे दुसरं वाक्य बाहेरच्या कोणालाच खरं वाटायचं नाही.

धुरपता आत्याला तर मुळीच नाही. ती बाबांची मोठी बहीण, आमच्या शेजारीच राहते. आमचं घराणं छप्पन साली बौद्ध झालं. बाबांनी पुढे, माझ्या जन्मानंतर, बाप्तिस्मा घेतला. आत्या विहारातच राहिली. दोघा भावंडांनी त्यावरून एकदाच भांडून घेतलं आणि मग मधल्या भिंतीत एक दार पाडलं. त्या दारातून येऊन आत्या मला ऐकवायची.

"दीपे, आमच्याकडे नवरे पडले आहेत वो ढिगानं. मास्तर आहे, तलाठी आहे, एक तं बँकेत आहे. तू त्या तेवीस घराईत काय डोकं खुपसून राहिली?"

"आत्या, मले सोबत प्रार्थना करणारा पाहिजे."

"तू कर ना प्रार्थना. तो टीव्ही पाहीन. घरोघर तसंच चालते."

मी हसायचे. पण मला तसं चालणार नव्हतं आणि त्याचं कारण आमच्याच घरात होतं. माझी धाकटी बहीण रिता सिकलसेलची रुग्ण आहे. तिच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं अशी दुखतात की ती उशी चावते. अशा वेळी आई तिचे पाय शेकते आणि बाबा पलंगाशी गुडघे टेकतात. मला माझ्या शेजारी गुडघे टेकणारा माणूस हवा होता. माझ्या समाधानासाठी टेकणारा नको. त्यालाही तिथेच जावंसं वाटावं. हे मी प्रयोगशाळेत सिद्ध करू शकत नाही आणि तसा माझा दावाही नाही.

दुसरी गोष्ट मात्र सिद्ध करता येते. आई-बाबा दोघंही या आजाराचे वाहक आहेत. वाहकाला स्वतःला काही होत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळामागे चारात एक शक्यता असते की ते रुग्ण असेल. आई-बाबांच्या लग्नाआधी त्यांना कोणी तपासलं नाही, त्यामुळे त्यांना दोष नाही. आता आमच्या जिल्ह्यात हे नाव घरोघर माहीत आहे. सरकारी तपासणीत वाहकाला पिवळं कार्ड मिळतं, रुग्णाला लाल. रिताचं लाल आहे. माझं पिवळं.

म्हणून माझ्या अटी दोनच होत्या. तो विश्वासातला असावा आणि तो वाहक नसावा.

राजकुमार मला लाखनीच्या वार्षिक संमेलनात भेटला. तो चिखल्याच्या मंडळीतला, मॅंगनीजच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, आणि संमेलनात माइकची जबाबदारी त्याच्याकडे होती. एक वयस्क भाऊ प्रार्थनेला उभे राहिले ते थांबेचनात. हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी बंदच पडला. मी मागच्या बाजूला, त्याच्या यंत्राजवळच बसले होते.

"माइक बिघडला का?" मी विचारलं.

"नाही," तो हळूच म्हणाला. "मी बिघडवला. तिसऱ्यांदा तेच सांगून राहिले होते. प्रभूले एकदाच ऐकू येते."

जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागे होता. मी जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्याने विचारलं, खाणीत खाली इतकी वर्षं काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत काही बदल होतो का. मी म्हटलं, माहीत नाही, शोधून सांगते. त्याने नंबर दिला. मी खरंच शोधून सांगितलं. त्यानंतर दिवसाआड फोन होऊ लागले, आणि दोन्ही घरांना ते माहीत होतं. रिताला दुखायला लागलं की मी त्याला फक्त 'सुरू झालं' एवढं लिहायचे. तो काही विचारत बसायचा नाही. तासाभराने त्याचा मेसेज यायचा, 'अजून करून राहिलो प्रार्थना. झोपली का?'

तपासणीचं मी त्याला फोनवर आधीच विचारलं होतं. "कधी केली नाही," तो म्हणाला होता. "त्यात काय, करून टाकू." त्याच्या दृष्टीने ते टेटनसच्या इंजेक्शनासारखं होतं. मला वाटलं, झालं.

घरी बघायला आले तेव्हा त्याच्यासोबत त्याची आई निर्मलाबाई होत्या आणि पास्टर घनश्याम. पास्टर आमची मंडळी सांभाळतात, चिखल्याची आणि लाखनीचीही. दोन घरं जोडायची तर मध्ये तेच असतात. पोहे झाले, चहा झाला, निर्मलाबाईंनी माझ्या हाताला हात लावून "पोरगी चांगली आहे" म्हटलं. पास्टरांनी घोषणेच्या तारखा काढल्या. आमच्याकडे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात.

मी म्हटलं, "पहिल्या घोषणेच्या आधी सिकलसेलची तपासणी करून घेऊ. माझी झालेली आहे. राजकुमारची राहिली."

निर्मलाबाईंनी बशी खाली ठेवली. "कायची तपासनी? माह्या पोराले काय झालं?"

"काहीच झालं नाही, काकू. वाहकाला काही होत नाही. मी स्वतः आहे ना."

"तुमच्या घरात आहे म्हनून आमच्या घरात शोधून राहिले का? आमच्या खानदानात असलं काही नाही."

"तपासल्याशिवाय कळत नाही, एवढंच."

"अवो, तो खानीत उतरते रोज. शंभर किलोचा केबल उचलते. अन् तू त्याच्या रक्तात खोट काढते?"

आतल्या दारातून रिता म्हणाली, "काकू, लाल कार्ड माझं आहे. म्हणून ताई विचारते. मी असती तं मी पण विचारलं असतं."

राजकुमार जमिनीकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

मग पास्टर बोलले. ते कधी आवाज चढवत नाहीत. "दीपमाला, एक सांग. आपण पत्रिका पाहतो का?"

"नाही."

"काहून नाही?"

"कारण ते खोटं आहे."

"ते तं आहेच. पण त्याहून मोठं कारण आहे, बेटा. कागद पाहून पोरगी नाकारायची, हे पाप आपण सोडलं. चंद्रकलाचं तुले माहीत आहे. मग तू आज काय करून राहिली? ही रक्ताची पत्रिकाच झाली."

चंद्रकला ही पास्टरांची बहीण. पास्टर लाखनीच्या एका व्यापारी हिंदू घरातले. चंद्रकलाबाईंच्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि त्यांचं लग्न पाच वेळा मोडलं. पाचव्यांदा मोडलं त्या वर्षी पास्टरांनी घरातल्या सगळ्या पत्रिका चुलीत घातल्या आणि पुढे ते विश्वासात आले. ही त्यांची साक्ष मी लहानपणापासून ऐकत आले होते. दर वेळी बायका रडायच्या. मीसुद्धा रडले आहे. चंद्रकलाबाई आता पन्नाशीच्या, मंडळीच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक करतात.

ते माणूस म्हणून चुकीचं बोलत नव्हते. कागदावरून मुलगी नाकारली जाते तेव्हा काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. पण मंगळामुळे आजवर एकाही बाळाचं एकही हाड दुखलेलं नाही. एवढा साधा फरक एका शहाण्या माणसाला दिसत नव्हता, आणि तो दिसत नसल्याबद्दल सगळी खोली त्यांच्याकडे आदराने पाहत होती.

"तपासणी झाल्याशिवाय घोषणा नको," मी म्हटलं.

पाहुणे उठले. निर्मलाबाई चपला घालताना म्हणाल्या, "शिकलेली आहे, पन विश्वास नाही पोरीत."

ते गेल्यावर आत्या भिंतीतल्या दारातून आली. तिने सगळं ऐकलं होतं. ते दार तिने त्यासाठीच पाडायला लावलं, असं बाबा म्हणतात. "काय गा तेजराम," ती बाबांना म्हणाली, "पत्रिका आम्ही छप्पन सालीच सोडली. पन विहारात रक्ताचा कॅम्प लागला तं आमचे भंतेजीच पयले हात पुढे करून बसले. तुमचा पास्टर सुईले भेते का?"

बाबांना हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी पास्टरांनी माझं नाव न घेता माझ्यावरच प्रवचन केलं. काही सुशिक्षित बहिणी देवापेक्षा रिपोर्टवर भरवसा ठेवतात. काहींना प्रभूने जोडीदार दाखवला तरी त्याचं रक्त पाहायचं असतं. मग वधस्तंभावर सांडलेलं रक्त कशाला आहे? लोक 'आमेन' म्हणत होते. बाबांनी मान खाली घातली होती. तेवीस घरांपैकी आमच्याशिवाय आणखी तीन घरांत सिकलसेलचे रुग्ण होते, हे मला माहीत होतं, कारण औषधाच्या गोळ्या आणायला आम्ही एकत्र जायचो. त्या तीनही घरांतून 'आमेन' आलं.

प्रवचनानंतर साक्षीची वेळ असते. कोणीही उभं राहून देवाने काय केलं ते सांगू शकतं. मी उभी राहिले.

"मी देवाचे आभार मानते," मी म्हटलं, "की त्याने रक्त असं बनवलं की ते तपासता येतं. मंगळ तपासता येत नाही, कारण तिथे तपासण्यासारखं काही नाहीच. मी कोणाला नाकारलेलं नाही. मी फक्त विचारलं. न विचारता हो म्हणणं हा जर विश्वास असेल, तर माझ्या आई-बाबांचा विश्वास मोठा होता, आणि त्याची किंमत त्यांनी नाही दिली, रिताने दिली. रोज देते. ज्याला किंमत द्यायची आहे ते बाळ इथे 'आमेन' म्हणायला हजर नाही. त्याच्या वतीने तुम्ही कोणत्या अधिकाराने 'आमेन' म्हणता?"

"बस, बहिणी," कोणीतरी म्हणालं. "ही साक्ष नाही."

मी बसले नाही. पण पुढे बोलूही शकले नाही, कारण रिता उभी राहिली होती.

"पास्टरजी," ती म्हणाली, "तुम्ही बारा वर्षांपासून माझ्यासाठी प्रार्थना करून राहिले. मी जिवंत आहे. स्तुती असो. पण माझी हाडं दुखतात ते मंगळानं दुखतात का, तेवढं सांगा."

पास्टर म्हणाले, "बेटा, चंद्रकलाची गोष्ट मी सांगतो ती यासाठीच, की..."

"भाऊ." हॉलच्या मागच्या दारातून आवाज आला. चंद्रकलाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या, मागे भात शिजत होता. "माह्या मंगळाची गोष्ट आता बंद कर. पंचवीस वर्षं झाले, दरवेळी मले उभी करतो. त्या पोरीले जे इचारायचं ते इचारू दे."

त्या पुन्हा आत गेल्या. पास्टरांनी शेवटचं गीत सांगितलं. त्या दिवशी भात थोडा लागला होता, पण कोणी तसं बोललं नाही.

आठवडाभरात निरोप आला की संडे स्कूलचा वर्ग मी काही काळ घेऊ नये. "तुम्ही आधी प्रार्थनेत शांत व्हा, मॅडम," असं सांगण्यात आलं. मी शांत होणार नव्हते. सात वर्षं मी त्या मुलांना शिकवत होते आणि 'देवाने मेंदू कशाला दिला' हा प्रश्न एकदाही त्यांना विचारला नव्हता, कारण उत्तर उघड आहे असं मला वाटायचं.

सर्वांत जास्त लागलं ते मात्र घरात. भांडी घासता घासता रिता म्हणाली, "ताई, चर्चमध्ये मी तुझ्या बाजूनं बोलली. आता खरं सांग. तुले माझ्यासारखी पोरगी नको, एवढंच ना?"

"तुझ्यासारखं दुखणं नको."

"दुखणं वेगळं काढून ठेवता येते का माझ्यातून? तुझ्या हिशोबात मी म्हणजे पंचवीस टक्के."

तिने कढई उपडी ठेवली. "पण तू बरोबर आहे," ती म्हणाली. "अन् बरोबर आहे म्हणून मले जास्त राग येते."

राजकुमारचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. त्याला भंडाऱ्याला तपासणी करायची होती, पण सरकारी दवाखान्यात चिखल्याचा एक माणूस कामाला होता. तिथे गेलो तर संध्याकाळपर्यंत आईला कळेल, असं त्याला वाटत होतं. म्हणून आम्ही एका खाजगी प्रयोगशाळेत गेलो. ते नमुना नागपूरला पाठवणार होते. दिवाळीच्या सुट्ट्या असल्याने अहवालाला वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. राजकुमारने बाही वर केली आणि सुई टोचताना माझ्याकडे पाहत राहिला.

बाहेर आल्यावर त्याने पावती माझ्याकडे दिली. "घरी नेली तं आई खिसे पाहते."

"निघालं तं?" त्याने पुढे विचारलं.

"तर मी लग्न करणार नाही."

"एवढं सरळ?"

"तू वर्षभर फोनवर बोलत होतास तेव्हा रिताचा आवाज ऐकला नाहीस का मागून?"

"ऐकला," तो म्हणाला. "अन् नाही निघालं तं?"

"तर तीन रविवार मोज."

तो हसला. आम्ही बसस्थानकाजवळ उसाचा रस प्यायलो. मी त्या दिवशी रागावलेली नव्हते. एवढ्या महिन्यांत तो एकच दिवस.

दिवाळी संपायच्या आत त्याचा फोन आला. "दीपमाला, आईनं ठरवलं."

"काय ठरवलं?"

"लाखनीची प्रतिक्षा. तुझ्या ओळखीचीच आहे."

प्रतिक्षा माझ्या वर्गात होती. दोन वर्षांपूर्वी बारावी झाली. मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. "रिपोर्ट यायचा आहे अजून."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"आईले कळलं मी सुई घेऊन आलो ते. ती म्हणते, तपासाले गेला म्हणजे काहीतरी असेल म्हणूनच गेला. रिपोर्टात निघालं अन् लोकाईले माहीत झालं तं कोणी पोरगी देणार नाही. त्याच्या आधी उरकून टाकू."

मी काही क्षण फोन कानापासून दूर धरला. मी एवढे महिने लोकांना समजावत होते की कळून घ्या, मग ठरवा. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नेमकं उलट ऐकलं होतं: कळायच्या आत ठरवा.

"प्रतिक्षाला सांगितलं?"

"काय सांगायचं? अजून काही निघालंच नाही."

"तिची तपासणी?"

"विचारलं नाही."

"तू हो म्हणालास?"

"आई तीन दिवस जेवली नाही, दीपमाला."

"आणि तू?"

"काय?"

"तू जेवलास?"

मागे खाणीचा भोंगा वाजला. "जेवलो," तो म्हणाला.

मी लाखनीला प्रतिक्षाच्या घरी गेले. लग्न मोडायला गेले नव्हते, हे मी कोणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. मला तिला एवढंच सांगायचं होतं की लग्नाच्या आधी स्वतःची तपासणी करून घे, फुकट होते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आनुवंशिकतेचा धडा मीच तिला शिकवला होता. तिने वहीत चार चौकोन आखून मुलं कशी होतील ते बरोबर काढलं होतं.

ती दारातच उभी राहिली. हाताला मेंदीचा नमुना काढून पाहिलेला होता. "मॅडम, तुम्हाला वाईट वाटून राहिलं, मले समजते."

"प्रतिक्षा, हे माझ्याबद्दल नाही. चार चौकोन आठवतात ना?"

"ते परीक्षेसाठी होतं, मॅडम. आता प्रभू पाहून घेईल."

तिच्या आईने आतून ऐकवलं, "स्वतःचं जमलं नाही तं दुसऱ्याचं मोडून राहिली. अन् म्हणे मास्तरीण!"

मी परत फिरले. महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती, आणि रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा मला कळलं की मी मोठ्याने बोलत आहे. बारावीला तिला जीवशास्त्रात सत्तरपैकी त्रेसष्ट होते. त्रेसष्ट मिळवलेल्या मुलीला ते 'परीक्षेसाठी होतं' असं वाटत असेल, तर आम्ही तासिका तत्त्वावर नेमकं काय शिकवतो?

पास्टरांनी तीन रविवारांची घोषणा एकाच रविवारी वाचली. लाखनीच्या उपासनेत उभं राहून त्यांनी "पहिली घोषणा", "दुसरी घोषणा", "तिसरी घोषणा" असं लागोपाठ म्हटलं, मधे श्वास घेण्यापुरते थांबून. जो नियम माझ्या एका सुईसाठी हलत नव्हता, तो दोन मिनिटांत गुंडाळला गेला. आत्या म्हणाली, "तू जाऊन उभी राय ना. हरकत आहे म्हन." पण माझ्याकडे हरकत नव्हती. माझ्याकडे प्रश्न होता, आणि घोषणेत प्रश्नाला जागा नसते. बाबा लग्नाला गेले नाहीत. मंडळीत आल्यापासून त्यांनी चुकवलेलं हे पहिलं लग्न.

लग्न लागल्यावरच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून मेसेज आला की अहवाल तयार आहे. राजकुमारचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्याने माझाच दिला होता. मी तो मेसेज रिताला दाखवला.

"कायले जाते आता?" ती म्हणाली. "त्याचं झालं, तुझं सुटलं."

"प्रतिक्षाचं सुटलेलं नाही. त्याच्यात निघालं, तर तिला पहिल्या बाळाच्या आधी तरी कळलं पाहिजे. मग ती मला काहीही म्हणो."

"अन् नाही निघालं तं?"

मी चप्पल घातली. रिताने शाल घेतली आणि माझ्यासोबत निघाली. थंडीत तिचं दुखणं वाढतं, पण ती ऐकत नाही. ऑटोत तिने विचारलं, "कसं वाचायचं ते?"

"एस नावाचं हिमोग्लोबिन किती आहे ते पाहायचं. तीस-चाळीस टक्के असेल तर माझ्यासारखा, वाहक. सत्तरच्या वर असेल तर तुझ्यासारखा. नसेलच, तर काहीच नाही. तो कोणाशीही लग्न करायला मोकळा."

"तुझ्याशी पण?"

"माझ्याशी पण."

तिने शाल कानांवरून ओढून घेतली.

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईने पावती पाहिली. "पेशंट तुमचे कोण?"

"कोणी नाही."

"मग रिपोर्ट तुम्ही कसे..."

"पावती माझ्याकडे आहे. तुम्ही मेसेज मलाच पाठवला."

तिने रिताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिफाफा सरकवला. मी तो तिथेच उघडला.

राजकुमार, पुरुष, वय २९. हिमोग्लोबिन ए ९७.१ टक्के. हिमोग्लोबिन ए-टू २.९ टक्के. हिमोग्लोबिन एस ० टक्के.